न शिकवता घेतलेली परीक्षा

८ जानेवारी १९९६
नवीन वर्षाचा संकल्प आठ दिवस उशिरा, पण ठोस. मार्चअखेर मी कायम होणार. अंबरनाथच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये 'तात्पुरता ट्यूटर' म्हणून तीन वर्षं काढली, पुरे. आज प्राचार्या कुमुदिनीबाईंनी बोलावून सांगितलं की ट्रस्टने 'जागतिक आरोग्य' हा नवा विषय घातलाय. मी शिकवायचा आणि मुली काय शिकल्या ते ट्रस्टच्या समितीला दाखवून द्यायचं. दाखवलं तर कायम, नाही तर एप्रिलपासून दुसरीकडे बघा म्हणाल्या. हसत म्हणाल्या. म्हणजे जवळजवळ झालंच.
घरी नीलिमाला सांगितलं. म्हणाली, ऑर्डर हातात आली की सांगा. बायकोला दूरदृष्टी नाही.

९ जानेवारी, सकाळी
झोप नाही. पद्धत सापडली! लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात आहे. शिकवण्याआधी चाचणी घ्यायची, शिकवून झाल्यावर तीच चाचणी पुन्हा. मधला फरक म्हणजे शिक्षण. साधी वजाबाकी. आपल्याकडे हे अजून कोणाला सुचलेलं नाही.
नीलिमा बदलापूर गावातल्या शाळेत तिसरीला शिकवते. तिचं मत, न शिकवता परीक्षा म्हटल्यावर पोरी घाबरतील हो. तिला म्हटलं, प्राथमिक वेगळं, जागतिक वेगळं.

११ जानेवारी
वर्गात जाहीर केलं. मंगळवारी चाचणी. चामटोली गावची अंजना उभी राहिली. सर, अजून तर कायच शिकवलं नाय. म्हटलं, तीच तर गंमत आहे. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, मार्क इंटर्नलला धरणार का? गंभीर चेहरा केला आणि बाहेर पडलो. वातावरण शास्त्रीय राहिलं पाहिजे.
आजपासून चहा बंद. झोप येत नाही.

१६ जानेवारी
घात झाला. सरासरी एकाहत्तर! ती पंधराच्या आसपास हवी होती. एकीने आफ्रिकेतल्या देवी रोगाच्या निर्मूलनावर दोन पानं लिहिली आहेत, तीही मुद्देसूद.
चौकशी केली. चार दिवस होस्टेलवर कोणी झोपलेलं नाही. सीनियर मुलींच्या वह्या आणल्या, लायब्ररी रिकामी केली, ओपीडीतल्या डॉक्टरांना भर गर्दीत गाठून शंका विचारल्या. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा पाठांतर करत खाल्ला म्हणे. आपल्याकडे परीक्षा म्हटली की पोरी अभ्यास करतात, हे त्या इंग्रजी मासिकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.
अर्थात यात माझा दरारा दिसतो. पण दरारा कायम करत नाही, फरक करतो. आता पंच्याण्णवपर्यंत न्यायचं. चहा परत सुरू.

१७ जानेवारी
मुलींवरचा ताण जावा म्हणून मोठ्या मनाने सांगून टाकलं की ही चाचणी इंटर्नलला धरणार नाही, पुढचीही नाही. वर्गात एकदम 'अय्या' झालं. मग बराच वेळ माझ्याकडे कोणी बघितलं नाही. भारावल्या असाव्यात.

२ फेब्रुवारी
लेक्चर्स जोरात. उल्हासनगर कॅम्प पाचमधून पृथ्वीचा जुना गोल आणलाय. हाताळून हाताळून त्यावरचं ग्रीनलंड निघून गेलंय, पण तिथे मलेरिया नाही, त्यामुळे चालतं. नाइट ड्यूटी करून आलेल्या मुली डोळे मिटून ऐकतात. एवढी एकाग्रता मी माझ्या विद्यार्थिदशेत पाहिली नव्हती.
अंजनाची तक्रार, सर एका जागी उभे ऱ्हावा ना, मान दुखते. मला बोलताना फिरावं लागतं. घरीही फिरतो. नीलिमा म्हणते, फरशी झिजेल.

२० फेब्रुवारी
कॅम्प पाचमध्ये, मागच्याच दुकानात, पेपर सायक्लोस्टाइल करून घेतला. दुकानाचे सिंधी शेठ म्हणाले, साईं, ये तो वोही पेपर है, खाली तारीख नयी है. म्हटलं, यालाच सायन्स म्हणतात. ते म्हणाले, लडकियाँ हँसेंगी. या माणसाचा जागतिक आरोग्याशी काय संबंध?

२१ फेब्रुवारी, दुपारी
हसल्या.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
अर्ध्या मुली दहा मिनिटांत पेपर देऊन झोपायला गेल्या. सरासरी अडतीस. अंजनाने पहिल्या प्रश्नाखाली लिहिलंय, "याचे उत्तर मागच्या पेपरात लिहिले आहे, कृपया तिथे पाहावे." दुसऱ्याखाली, "वरीलप्रमाणे."
म्हणजे शिकवल्यामुळे तेहतीस मार्क गेले, असा कोत्या मनाचा माणूस अर्थ काढेल. मी नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. जानेवारीत मुली खळखळत होत्या, आता खोल झाल्या.
नीलिमा म्हणाली, धरणार नाही हे आधी सांगायचं नसतं हो. आमच्या तिसरीतल्या मुलांनाही सांगत नाही.
जेवण गेलं नाही.

१ मार्च
रिपोर्ट चौथ्यांदा लिहिला. आलेख उलटा धरला तर फार छान दिसतो. धरणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय आकडे उलटे दिसतात.
खरं सांगायचं तर पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती बघायला लागलोय. पस्तिसाव्या वर्षी पुन्हा अर्ज करत फिरायचं? नीलिमाच्या एकटीच्या पगारावर बसायचं? नको. उद्यापासून सकारात्मक विचार. पहाटे उठून.

२ मार्च
उठलो नाही.

८ मार्च
समिती आली. अध्यक्ष डॉ. विष्णुपंत. रिपोर्ट चाळला, चष्मा काढला आणि तोंडीच विचारतो म्हणाले. मला बाहेर बसवलं. बसवेना, म्हणून दाराशी उभा राहिलो.
काय बोलल्या मुली! निर्वासितांच्या छावणीत कॉलरा का पसरतो, लस असूनही गरीब देशांत पोरं का दगावतात, सगळं धडाधड. माझी छाती फुगली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी शिकलात? अंजना म्हणाली, पहिल्या परीक्षेची लय भीती वाटली ना सर, तवाच बसून केलं सगळं. आमी एकमेकींनाच शिकवलं. डॉक्टरांनी विचारलं, आणि लेक्चर्स? अंजना म्हणाली, ती पन झाली.
पोरगी प्रामाणिक आहे. दोन्ही गोष्टी सांगितल्या. समिती खूश होऊन गेली. पेढे सांगून ठेवावेत का?
नीलिमा म्हणाली, थांबा.

३० मार्च
ऑर्डर आली. समितीच्या मते उपक्रम अत्यंत यशस्वी. यापुढे दर टर्मला, काहीही न शिकवता, अशीच चाचणी घ्यावी. चाचणी कायम करण्यात येत आहे. या विषयाला ट्यूटरची गरज नाही.
दोनदा वाचलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी आलो तर नीलिमाने नुसतं ताट वाढलं. त्याने जास्तच वाटलं.
निघताना कुमुदिनीबाई म्हणाल्या होत्या, जाता जाता पुढच्या टर्मचा पेपर तेवढा काढून द्याल का?
जेवण झाल्यावर काढला. चांगला निघालाय.