शेवटचे दोन मैल

प्रिय ऑटली,

केपटाउनहून पाठवलेलं तुझं पत्र परवा मिळालं. हिंदी महासागराने तुझा स्टोव्ह आणि एक दात एवढंच घेतलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे कारियाकू बेटावर सगळं ठीक. शेळी व्यायली. मी मक्याच्या पिठाचा कू-कू रांधायला शिकलो. पहिला इतका घट्ट झाला की तुझी बहीण व्हर्ना म्हणाली, याने होडीच्या फटी बुजवता येतील.

तिची जीभ साठीतही बोथट झालेली नाही. रोज दुपारी पायरीवर बसून ऐकवते, "दाजी, लोकांचे नवरे दर्यावर जातात नि बायका वाट बघतात. तुमचं सगळं उलटंच." गावात तर मला आता 'ऑटलीचा नवरा' म्हणूनच ओळखतात. पूर्वी तुला बेथ्युएलची बायको म्हणायचे, त्याची फेड चाललीय.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. तू नेलीस ती बोट बांधताना पृथ्वीप्रदक्षिणेच्या गप्पा मीच मारल्या होत्या, रमच्या दुकानात बसून, वर्षानुवर्षं. मला बोट लागते हे फक्त तुला ठाऊक. वाटलं होतं, स्वतः बांधलेली तरी लागणार नाही. मग बोट पाण्यात उतरवताना बोकड कापला, ढोल वाजले, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आणि खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी पोटातलं सगळं दर्याला देऊन बसलो. आणखी दोनदा निघालो, दोनदा तेच. तेव्हा सुइणीच्या कामातून नुकतीच मोकळी झालेली तू हात पुसत म्हणालीस, "बोट वाया जायला नको. मीच जाऊन येते." जशी काही बाजारातून मासळी आणायला निघाली होतीस. त्या दिवशी मी तुझ्यावर रुसलो होतो, आणि तू दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावरून हललोही नव्हतो.

आता तू लिहितेस, येताना सँडी बेटाच्या आडोशाला थांबेन, तू गुपचूप होडीने ये, शेवटचे दोन मैल सुकाणू तू धर, गावाला दिसू दे. दोन रात्री मला झोप लागली नाही. गुळगुळीत दाढी करून, सुकाणू धरून आत येणारा मी मला स्पष्ट दिसत होतो. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतो. पण नको, ऑटली. अख्खी पृथ्वी एकटीने ओलांडलीस, तर ते दोन मैलही तुझेच. थांबू नकोस, सरळ आत ये. मी धक्क्यावर सगळ्यांत पुढे असेन. दोर माझ्याकडे फेक.

तुझाच,
ऑटलीचा नवरा