सिदूचा भोपळा

मु. जांभळी, ता. परंडा
मंगळवार, १ डिसेंबर १९६४

गुरुवर्य वसंतराव गुरुजींच्या चरणी
लिंबाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

सिदूनं कमरेचा भोपळा सोडून काठावरच्या गवतात टाकला, त्या घटकेला माझं सगळं बदललं. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, ऊन नुकतं कलायला लागलेलं. तुम्ही तेव्हा तिथं नव्हता. दोर तपासायला खाली गेला होतात. म्हणून हे पत्र.

पण आधी रीतीप्रमाणं खुशाली. आईचा गुडघा धरलाय, बाकी ती बरी आहे. शाळू पोटरीत आला. शाळेत तुमच्या जागी परंड्याहून एक मास्तर येतात, त्यांचा निम्मा जीव परतीच्या यष्टीत असतो. पोरं मला अडवून विचारतात, "आमचे गुर्जी भूमहून कवा येनार?" मी पुढं निघून जातो. परवा गुऱ्हाळ लागलं. शर्यतीतल्या तीनपैकी दोन काहिली चुलाणावर चढल्या. तिसरी, आमची, बांधावर पालथी पडून आहे. तिच्यात रस ओतायला कुणी धजत नाही.

भूमला भावाकडं तुमचं बरं चाललंय ना? हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो.

आता मुद्द्याचं. या पत्राच्या पहिल्या भागाची नक्कल मी आज तहसीलदार साहेबांना देणार आहे. त्यामुळं तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहितो, कंटाळू नका.

कालव्याला पहिलं पाणी सुटलं तेव्हा गाव वेडं झालं होतं. बायकांनी पाण्याची ओटी भरली. आम्ही पोरांनी ठरवलं, काहिलींची शर्यत लावायची. उसाचा रस आटवायच्या या लोखंडी कढया, पावसाळ्यात आपली माणसं यांतच बसून नदी ओलांडतात, मग कालव्यात का नाही? तुम्ही आधी नको म्हणालात. दोन दिवस एकटेच काठानं हिंडलात. मग म्हणालात, "करा, पण मी सांगेन तसं. तुम्ही विहिरीत पोहणारी पोरं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. हे पाणी तुम्हाला घेऊन जाईल, आणि दोन्ही बाजूंच्या गुळगुळीत दगडांवर हाताला धरायला काही नाही."

तुम्ही सांगितलंत, काहिलीत चौघांच्यावर कुणी नाही आणि एकदा बसला की उठायचं नाही. पाणी जिथं दोन पुरुष खाली कोसळतं त्या फॉलच्या अलीकडं शंभर पावलांवर आडवा दोर बांधायला लावलात, दोन्ही काठांना गडी उभे केलेत. आणि सगळ्यांनी, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, कमरेला वाळका भोपळा बांधायचा.

भोपळ्यावरून किती हसलो आम्ही! आपल्याकडं भोपळा बांधतं ते सात-आठ वर्षांचं पोरगं, विहिरीत पहिल्यांदा उतरताना. भोपळा सुटला की ते मोठ्यांत आलं. मिशा फुटलेल्या गड्यांना भोपळा! दगडोबा तर म्हणाला, "गुर्जी, मंग टोपडं बी घाला की." तुम्ही म्हणालात, "टोपडं तुझ्या आईला विचारून घालू. भोपळा मात्र सुटायचा नाही."

सिदूचा भोपळा तुम्ही स्वतः बांधलात. दोन गाठी मारल्यात. सिदू म्हणाला, "गुर्जी, दम कोंडतोय." तुम्ही म्हणालात, "कोंडू दे. शर्यत संपली की मीच सोडीन."

हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन हातांवर उभा होतो मी. आणि मागच्या चौकशीत तुमच्यासमोर उभं राहून मी म्हणालो, "सिदूला भोपळा दिल्याचं मी पाहिलं नाही."

पुढं काय झालं ते लिहितो. तुम्ही दोर बघायला खाली गेलात. सरपंच शिट्टी वाजवणार होते, ते अजून पान लावत होते. शेजारच्या काहिलीत तुळजापूरचे पाहुणे बसले होते, तुमचे होऊ घातलेले जावई गोपाळकृष्ण. धोतराचा काचा मारलेला, भोपळा पोटावर आलेला. काठावर बायकांत तुमच्या कन्या वनमालाबाई बसल्या होत्या आणि पाहुण्यांकडं बघून हसत होत्या. माझ्या डोक्यात सणक गेली. मी मोठ्यानं म्हणालो, "काय पाव्हणं, तुळजापुरात गडी मानसं बी भोपळा बांधत्यात व्हय? का आईनं सांगून धाडलंय?"

जवळचे हसले. ते पण हसले. म्हणाले, "अहो, मला पोहायला येतच नाही. गुरुजींनी दोन दिले असते तर दोन बांधले असते."

मला वाटलं होतं ते चिडतील, भोपळा फेकतील, बाईंसमोर फजिती होईल. त्यांना काहीच लागलं नाही. मग मी आणखी चेकाळलो. म्हणालो, "बांधा, बांधा. आमच्या गावात बाप्या मानूस भोपळ्याला हात लावत न्हाय."

हे माझ्या शेजारी बसलेल्या सिदूनं ऐकलं. बघितलं मी त्याच्याकडं. त्याचा चेहरा लाल झाला होता. आख्ख्या पंचक्रोशीत विहिरीवरच्या मोटेच्या थारोळ्यावरून सूर मारणारा तो, आणि बायकांसमोर त्याच्या कमरेला भोपळा. "लिंब्या म्हनतोय ते खरं हाय," असं म्हणून त्यानं गाठी सोडल्या. दुसरी गाठ सुटेना, तर ती दातानं सोडली.

मी म्हणू शकलो असतो, गप बस, बांध परत. माझं ऐकलं असतं त्यानं. माझं सगळं ऐकायचा तो. पण त्यानं काढला म्हणून आमच्या काहिलीतले पाहुण्यांकडं बघू लागले होते, आणि मला तेच हवं होतं.

शिट्टी झाली. मधल्या वळणाजवळ दोन काहिली एकमेकींवर आदळल्या. जबाबात मी असंच सांगितलंय. आदळल्या नाहीत, गुरुजी. वल्हं म्हणून घेतलेलं फावडं माझ्या हातात होतं, मी काहील वळवली. पाहुण्यांना पाण्यात पाडायचं होतं, एवढंच. थंडगार पाण्यात दोन गटांगळ्या, वर आल्यावर हसू, संपलं, असा हिशेब. आमची काहील गरकन फिरली. सिदू उठून उभा राहिला, हातानं त्यांची काहील ढकलायला. तुम्ही उठू नका म्हणाला होतात. तो पडला आणि पडताना डोकं लोखंडी काठावर आपटलं. आवाज मला अजून ऐकू येतो. पाहुणेही पडले.

दोघं एकाच पाण्यात, एकाच वेळी. ज्यांना पोहायला येत नव्हतं ते भोपळ्यावर तरंगत दोरापाशी गेले आणि तुम्ही त्यांना ओढून काढलंत. सिदूला शुद्ध नव्हती. तो पाण्याखालून, तुमच्या दोराखालून गेला. भोपळा असता तर तो तुमच्या हाताशी आला असता. बेशुद्ध का होईना, आला असता.

सगळे फॉलकडं पळाले. मी उलटा पळालो, गवतात पडलेला भोपळा उचलला आणि सदऱ्याखाली लपवून घरी आणला. का आणला, तेव्हा कळत नव्हतं. पाय आपोआप गेले. कडब्याच्या गंजीत खुपसला. आता कळतं. माणूस वाहून चालला होता आणि मी पुरावा उचलत होतो.

दिवेलागणीच्या आधी सिदू सापडला. त्याच्या आईनं, मल्लम्माकाकूनं, त्याची कमर चाचपली. मग उठली आणि सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाली, "जावयाला भोपळा, आन् माझ्या लेकराला रिकामं सोडलं व्हय मास्तर?" तुम्ही म्हणालात, "बांधला होता, मल्लम्मा. मी माझ्या हातानं बांधला होता." "मंग कुठं हाय? दावा की!" तुम्ही इकडंतिकडं बघितलंत. माझ्याकडंही बघितलंत. मी खाली बघितलं.

गाव तिथून फिरलं. मास्तरनं आपल्या माणसाला वाचवलं आणि धनगराच्या पोराला मारलं, असं झालं. गोपाळकृष्णांनी खरं सांगितलं, पण जावयाचं कोण ऐकतो? पाहुण्यांशिवाय गाठी सुटताना जवळून पाहिलेले दोघंच, दगडोबा आणि त्याचा भाऊ, आमच्याच काहिलीतले. त्यांना मी रात्रीतून बांधून घेतलं, "गप बसा. सिदूनं आपल्या हातानं सोडला म्हनून सांगितलं तर काकू खुळी हुईल." त्यांना ते पटलं. मला स्वतःला पटलं नव्हतं. काकूची ढाल केली मी.

नक्कल इथपर्यंत. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

मी सोलापूरचं कॉलेज सोडलं तेव्हा तुम्हाला सांगितलं, तिथलं पाणी मानवत नाही. ते खोटं होतं. गेल्या उन्हाळ्यात आईच्या पत्रात एक ओळ होती, "गुर्जीच्या वनमालेला तुळजापूरचं स्थळ आलंय." त्याच आठवड्यात ट्रंक उचलून आलो. गावातली सगळी पोरं बाईंना ताई म्हणतात. मी कधी म्हटलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं नसेल. त्यांनी कधी माझ्याकडं वळून पाहिलं असं नाही. एकदा वाचनालयात पुस्तक परत देताना "पान दुमडू नका हो" म्हणाल्या, त्यावर मी वर्ष काढलं. माझं कुळ वेगळं, तुमचं वेगळं, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग! ज्या माणसानं अर्ज लिहून, ओळखी काढून मला कॉलेजात घातलं, त्याच्याच घरावर माझा डोळा, हेही कळत होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्या आमच्या विहिरीवर आल्या. आपण होऊन माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ. म्हणाल्या, "तुम्ही सिदूचे मित्र. तुमचा शब्द गाव मानेल. बाबांनी भोपळा बांधला होता एवढंच सांगा. तो कुणामुळं सुटला ते मी विचारत नाही." म्हणजे त्यांनी ऐकलं होतं, गुरुजी. सगळं ऐकलं होतं, आणि तरी माझं नाव वगळून त्या मागत होत्या.

मी काय बोललो माहीत आहे? "लग्न ठरलं म्हनं?"

"ठरलं. पण मी ते सांगायला आले नाही," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तो जबाब दिला. भीतीनं दिला असं इतके दिवस मनाला सांगत होतो. निम्मा भीतीनं दिला. निम्मा त्या "ठरलं"वर.

आणि तुम्ही! तुम्ही का गप्प बसलात? माझं खोटं तुम्हाला समोर दिसत होतं. साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय का, तर उठून म्हणालात, "नियम माझे होते, शर्यत मी होऊ दिली. जबाबदारी माझी." भर कचेरीत माझ्या थोबाडीत का मारली नाहीत? शाळेत तर पाढा चुकला तरी कान धरायचात. तुमच्या त्या गप्प बसण्यानं मला इतके दिवस जेवू दिलं नाही. माफ करा, हे रागानं लिहिलं. खोडत नाही.

काल बाजारात ऐकलं की आजच्या तारखेला निकाल होणार, तुमची नोकरी जाणार आणि वर खटलाही भरणार. तेवीस वर्षं तुम्ही या गावाला अक्षर ओळखायला शिकवलं. हे होऊ देणं मला जमणार नाही. धीर आला असं म्हणत नाही, धीर नाहीच.

अकरा वाजता परंड्यात पुकारा आहे. भोपळा गंजीतून काढलाय. सिदूचे दात लागलेला तो सुंभ अजून त्याला तसाच आहे, साहेबांना दाखवीन. दगडोबाला सकाळीच सांगितलं. आधी शिव्या घातल्या त्यानं, मग म्हणाला, "म्या बी येतो. मला बी झोप न्हाय." पण त्याआधी मल्लम्माकाकूकडं जायचंय. तिला हे कचेरीतून कळू नये, माझ्या तोंडून कळावं. ती मारेल, शाप देईल, कदाचित तोंडावर दार लावून घेईल. ते सर्वांत वाईट. तुमची क्षमा मागायला हे पत्र नाही. मी मागितली नसताना तुम्ही द्याल, हे माहीत आहे, आणि तीच मला नको आहे.

वनमालाबाईंना माझा नमस्कार सांगू नका.

आई आतून विचारतेय, "आरं, न खाता कुठं निघालास?" तिला खरं सांगितलं तर उंबऱ्यावर आडवी पडेल. "परंड्याला, काम हाय," एवढंच म्हणालो. ती भाकरी फडक्यात बांधतेय. तिची बांधून व्हायच्या आत निघतो, दार बाहेरून ओढून घेतो.

तुमचा विद्यार्थी होण्याच्या लायकीचा
एकदाही न झालेला,
लिंबाजी