काळ्या पट्टीखालचं पान

६ मे २०२५, मंगळवार

चौथीच्या वर्गाचं छत पाडत नाहीत! दुरुस्त करणार. अकोल्याहून शुभांगी नावाची इंजिनिअर आली आहे. सळया गंजल्या, पण छत अजून वाचण्याजोगं आहे, म्हणाली. गंज काढून, भेगा बुजवून, खालून काळ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. कार्बनचं कापड. हातात घेऊन पाहिलं — पोरींच्या रिबिनीसारखं हलकं. आणि हे म्हणे लोखंडाहून जास्त ओढ सोसतं.

आनंदात घरी आलो. जेवताना लक्षात आलं — पट्ट्या कुठून कुठून जाणार, ते विचारलंच नाही.

७ मे

विचारलं. एक पट्टी बरोबर मंजूच्या पानावरून जाते.

८ मे

लिहून ठेवतो. पान गेलं तर निदान वहीत राहील.

१९८८चा मार्च. तोवर चौथीचा वर्ग नुसत्या चार भिंतींत भरायचा. गावानं श्रमदानातून स्लॅब टाकला. खालून आधाराला लावलेल्या सेंट्रिंगच्या पत्र्यांमध्ये फटी होत्या, त्यातून सिमिटाचं पाणी गळू लागलं. मिस्त्री खालून ओरडला, कागद द्या! मी कपाटातला जुन्या वह्यांचा गठ्ठा दिला. पाहिलासुद्धा नाही. पानं फाडून फटींवर अंथरली, वरून काँक्रीट पडलं.

मंजू आमची एकुलती एक. वय दहा. माझ्याच वर्गात होती. स्लॅबनंतर अकराव्या दिवशी तापानं गेली.

एकविसाव्या दिवशी पत्रे काढले. तिसऱ्या खिडकीजवळ, छताला चिकटलेलं एक पान. पेन्सिलीचं अक्षर. तिचंच.

छत नाही शाळेला,
ढग येतो वर्गाला.
गुरुजी, घ्या ना हजेरी,
जागा द्या की ढगाला!

शाळेत मी बाबा नव्हतो, गुरुजीच होतो. तसा तिला दंडकच होता. ही कविता मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिची पाठ थोपटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हा प्रसंग मी पुढच्या प्रत्येक वर्गाला सांगितला आहे. दर रंगसफेदीला शिडीखाली उभं राहून तेवढी वीतभर जागा सोडायला लावली. निवृत्तीनंतरही झेंडावंदन झालं की आत जाऊन वर पाहून येतो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. त्या वर्षापासून मी तिसऱ्या खिडकीकडे पाठ करून कधी शिकवलं नाही. बाहेर कुणीतरी उभं आहे, असं वाटायचं. वळून पाहावं तर लिंबाची सावली. कशामुळे, ते मला आजवर कळलेलं नाही.

१० मे

आज इंजिनिअर बाईंना स्पष्टच विचारलं, तेवढी जागा सोडता येईल का? त्यांनी शिडीवरून उतरून समजावलं. आधी मशीननं घासायचं. चुना, रंग, सिमिटाची वरची साय — सगळं काढून खडी दिसेपर्यंत. मग धूळ ओढून घ्यायची. मग गोंद.

“आजोबा, गोंद जे समोर येईन त्यालेच धरते. चुना आला तं चुन्याले, धूळ आली तं धुळीले. मंग ओढ बसली का पट्टी तो चुना घेऊनच खाली येते. दगडाले धरलं तरच छत तिच्यावर भरवसा ठेवू शकते.”

मी त्यांना मंजूची गोष्ट सांगितली. कविता म्हणून दाखवली. पाठ थोपटली ते, टाळ्या वाजल्या ते. मंजूची आई, कस्तुरा, सगळ्यांसाठी ताक घेऊन आली होती. टाळ्यांपर्यंत आलो तशी ती उठली आणि अर्धी भरलेली किटली घेऊन घरी निघून गेली. मशीनवाला मदनसिंग ग्लास धरून बसलेलाच.

बाई म्हणाल्या, फोटो काढून मोठा करून देते. बरोबरच आहे. त्या छताखाली पस्तीस लेकरं बसतात. मी हो म्हणालो.

१२ मे

हो म्हणालो, पण टिकलं नाही.

घासायचं मशीन मदनसिंगच्या हातात. तो इथल्या तांड्यावरचा, माझाच विद्यार्थी. बाई मालेगावला गेल्या होत्या. मी त्याला बाजूला घेतलं. तो हसून म्हणाला, “गुरुजी, मले तुमच्या कविता याद नाई, छड्या याद हायेत.” मग मशीन बंद करून त्यानं वर पानाकडे पाहिलं. “सोडतो. वरून काळं बसलं का मॅडमले काय दिसते?”

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आणि विद्यार्थ्याला लबाडी शिकवली.

१४ मे

पहाटेच काम. ऊन चढलं की गोंद भांड्यातच जमतो. दोन डब्यांतलं एकात कालवलं, रोलरनं छताला लावलं, त्यावर कापड, आणि हातानं दाबत दाबत आतली हवा काढली. मंजूच्या पानावरून पट्टी गेली तेव्हा मी खाली उभा होतो. तिच्या अंगावर गोधडी ओढल्यासारखं वाटलं.

आता ते कुणाला दिसणार नाही. पण आहे.

१७ मे

कापड वाळतं आहे. शाळेला कुलूप. तरी दुपारी जाऊन आलो. तिसऱ्या खिडकीशी थांबलो नाही.

२१ मे

आज तपासणी. बाई लहानशी हातोडी घेऊन पट्ट्यांवर ठोकत चालल्या. टक, टक, टक — एकसारखा भरीव आवाज. कविता म्हणताना धरतो ना, तसा ठेका. तिसऱ्या खिडकीपाशी — ढप.

पुन्हा ठोकलं. ढप.

खडूनं चौकोन केला. त्यांनी मदनसिंगकडे पाहिलं, मदनसिंगनं माझ्याकडे. मीच सांगितलं. त्याला बोलू नका, दोष माझा.

त्या रागावल्या नाहीत. शिडीवर बसूनच म्हणाल्या, “आजोबा, जूनमधी इथंच पोरं बसतीन.” बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं होतं.

२२ मे

चौकोन कापला. मदनसिंगनं पात्याची कड खाली घालून उचकटलं. जोर लागलाच नाही. गोंदानं पानाला असं धरलं होतं की पानानं छत सोडलं. सदतीस वर्षं धरून बसलेलं छत!

पुढच्या बाजूच्या चार ओळी काळ्या कापडात कायमच्या गेल्या. त्या पाठ आहेत मला. पण आता वर आली ती मागची बाजू, छताकडे तोंड करून होती ती. ती मी कधीच पाहिली नव्हती. सिमिटाच्या पापडीखालून पेन्सिलीची एक वेलांटी डोकावते आहे. म्हणजे कविता पुढं आहे!

बाईंनी तुकडा माझ्या हातात दिला. तेवढी जागा घासून, खडी दिसल्यावर नवी पट्टी लावतील. मदनसिंग कान धरून म्हणाला, आता तुमचं बी नाई ऐकत गुरुजी.

२३ मे

जुना दातांचा ब्रश आणि वाटीत पाणी घेऊन बसलो. कस्तुरानं वाटी उचलली.

“नका घासू. पुढचं होतं तेवढं पुरे हाये.”

अगं, मंजूचं आहे.

“म्हून तं म्हणून राह्यली. कायले उकरता?”

का, ते सांगेना. पदरानं डोळे पुसले आणि ब्रश घेऊन आत गेली. तिला वाचता येत नाही. तिला काय ठाऊक, मागे काय आहे!

नवी पट्टी लागली, असा बाईंचा निरोप.

२५ मे

नवा ब्रश आणला. पापडी कणाकणानं सुटते. दुपारपर्यंत चार ओळी मोकळ्या झाल्या —

छत होईल उन्हाळ्यात,
ढग बाहेर राहील.
खिडकीमधून, गुरुजी, तो
माझ्याकडेच पाहील.

दहा वर्षांची पोर! ‘राहील’ला ‘पाहील’ कुणी शिकवलं तिला? कितीदा तरी मोठ्यानं म्हटली. कस्तुराला हाक मारली. आली नाही.

खाली अजून एक पापडी आहे, जाड. कडेनं लाल दिसतं. माझी तपासायची लाल पेन्सिल! शाबासकीच असणार. आज उजेड गेला. उद्या.

२६ मे

निघाली. कस्तुरा दारात उभी होती. काय निघालं, तिनं विचारलं नाही.

अक्षर माझंच आहे.

‘कुठून तरी उतरवलेली कविता. खोटं बोलू नकोस. खिडकीबाहेर उभी राहा.’