एका महिन्याची मुदत

निकोसिया, नोव्हेंबर २००३

प्रिय येरवांत,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस.

तुझी सेविल येऊन गेली. दार उघडलं तर समोर तुझंच नाक! राग आला. अक्रोडाचा मुरांबा आणला होता, गोडमिट्ट. गुलतेनचा हात अजून साखरेवरून उठत नाही, असं दिसतं. पोर गुणी आहे, खोटं कशाला बोलू. तिने निरोप सांगितला, की अब्बांची छाती भरलीय, डॉक्टर हिवाळ्यापुढचं काही बोलत नाहीत, आणि अब्बांना त्यांच्या आईशेजारी जागा हवीय. चाळीस वर्षांनी भाऊ बहिणीकडे काय मागतो, तर थडगं! वा रे वा.

आई आठवते का तुला, की तेही लिहून देऊन सोडलंस? तुर्कांच्या मुलखातल्या अडानाहून जीव मुठीत धरून आलेली बाई. तिकडे तिचे वडील, भाऊ, सगळे कापले गेले. तरी स्वप्नं तिला तुर्कीतच पडायची आणि शिव्याही तुर्कीतच यायच्या. घर तुर्की गल्लीत, बाबांच्या शिलाईची गिऱ्हाइकं तुर्की. अशात साठ साली बेट स्वतंत्र झालं आणि घटना आली. घटनेत माणसांचे दोनच कप्पे, ग्रीक नाहीतर तुर्क. आपण आर्मेनियन, दोन्हींत नाही. तर म्हणे, सगळ्यांनी मिळून एक कप्पा निवडा. आपल्या लोकांनी ग्रीक निवडला. ज्याला पटत नसेल त्याने महिन्याभरात लेखी कळवून वेगळं व्हावं, अशी मुदत होती. त्या मुदतीत सगळे आपापल्या कामाला लागले. सही करायला गेलास तू!

गुलतेनशी लग्न लावायचं तर कायद्याने तू तिकडचा असायला हवास, हे मला कळत होतं. आईला कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की ज्यांच्यापासून ती पळाली त्यांच्यात पोराने नाव घातलं. ती म्हणाली, "मी त्यांच्यापासून सुटायला समुद्र ओलांडला, आणि हा रस्तासुद्धा न ओलांडता तिकडे गेला!"

मग त्रेसष्टच्या नाताळात ग्रीक-तुर्कांत गोळ्या सुटल्या. आपण ग्रीकांत मोजलेले, म्हणून आपल्याला गल्ली सोडावी लागली. बाबांचं शिलाईचं यंत्र मी आणि आईने हातगाडीवर घालून ओढलं. तू तिकडचा, तू घरातच राहिलास. माझं घर मी गमावलं आणि तुझं तुझ्याकडे राहिलं, एकाच आईच्या पोटचे असून. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

अडुसष्टला रस्ते मोकळे झाल्यावर तू आला होतास. आईने कडी काढली नाही. आतून तुला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि तू बाहेर खो खो हसत सुटलास. मी म्हटलं, "आई, किती निर्लज्ज आहे बघ!" तू गेल्यावर बराच वेळ ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "हसायचं विसरला नाही मेला." पंचाहत्तरला ती गेली तेव्हा आदल्या वर्षीच्या लढाईने बेटाचे दोन तुकडे झाले होते, मधे तारा होत्या, सैनिक होते. त्याबद्दल तुला बोलत नाही. पण या एप्रिलपासून नाका उघडलाय. पंधरा मिनिटांची चाल आहे. सेविलला विचारलं, तर म्हणते, "अब्बा म्हणतात, माझ्या गावात मी कुणाला कार्ड दाखवणार नाही." आणि मीही सहा महिने हेच म्हणतेय, की माझ्या गल्लीत जायला मी कसली चिठ्ठी भरणार नाही! बाबांचा हट्ट आपल्यात सारखा वाटला गेलाय. या बेटावर तेवढी एकच वाटणी बरोबर झाली.

असो. निरोप घेऊन मी आपल्या दफनभूमीच्या समितीतल्या मिनासकडे गेले. तोच मिनास, ज्याचं नाक मी पुसायचे. म्हणतो, "ताई, त्यांनी सही करून समाज सोडला होता. परत येतो असं सही करून द्यावं. एक महिन्याची मुदत देतो." मी म्हटलं, "पुन्हा महिनाच का रे?" पुढे म्हणतो, "जागा एकाचीच. बायको मुसलमान, तिला नाही." मी म्हटलं, "घटनेत नवऱ्याचा कप्पा तोच बायकोचा, असं होतं ना?" तर म्हणतो, "ताई, घटना दफनभूमीत लागत नाही." मी म्हटलं, "मेल्या, मग जित्यांना तरी कशाला लावलीत!" दार आपटून आले.

आता नीट ऐक. कसलीही सही करायची नाही. एकदा केलीस तेवढी पुरे. शनिवारी मी नाक्यावर ती चिठ्ठी भरून तुझ्याकडे येतेय. तुझ्यासाठी नव्हे, बरणी परत करायला. रिकामी द्यायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून जैतुनं भरलीत. गुलतेनला सांग, कॉफी बिनसाखरेची, मला मधुमेह आहे. मिनासकडे मी दोन जागा मागितल्यात, तुझी आणि तिची. तो नाही म्हणालाय. मी रोज जाणार आहे. तो हो म्हणेपर्यंत तुला मरायचं नाही, सांगून ठेवते.

तुझीच (दुसरी कुणी उरली नाही म्हणून),
आर्शालुइसताई