बिनआवाजाची गाडी

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करतो. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, आईला सांगा.

विजेच्या गाड्यांच्या गॅरेजात रुळलोय म्हणायचं, पण जीव थाऱ्यावर नसतो. काल एक टॅक्सीवाला भांडतच आला. "चालूच होत नाही! म्हणून ही नवी थेरं नको म्हणत होतो!" गाडी चालूच होती. आवाज येईना म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून तोच ती बंद करत होता. सगळे हसले. मला हसवेना. सकाळी मीच सवयीने बॉनेटला कान लावला होता, अगदी तुमच्यासारखा.

ताई म्हणाली, तुम्ही हल्ली आपल्या गॅरेजातून गिऱ्हाइकं परत पाठवता. बाबा, इंजिन ऐकू येईनासं झालंय का? मला का नाही कळवलंत?

चाकाचं बेअरिंग गेलं की इथेही चाक फिरवून स्प्रिंगवर तळहात ठेवतो, थरथर हाताला कळते. हे तुम्हीच शिकवलंत ना?

या गाड्यांना डबडं म्हणता, खुशाल म्हणा. पण एखादी दारात आली तर परत पाठवू नका. तिच्यापुढे मीही बहिराच आहे.

तुमचा,
थोरला