जावईबापूंचा गार फोन

३ तारीख, मंगळवार
आजपासून घराच्या सेफ्टीचं खातं माझ्याकडे. खालची शिंपीणबाई सांगत होती, हल्ली कुठंतरी लांब बसून माणूस बटण दाबतो आणि इकडं आपल्या खिशातला फोन तापून फुटतो. मी लगेच पिठाचा मोठा डबा रिकामा केला. संध्याकाळी थोरला कामावरून आला की त्याचा फोन आणि माझा फोन आवाज बंद करून डब्यात, वर झाकण, झाकणावर खलबत्ता. थोरला म्हणाला, आई, तुझं डोकंपण ठेव आत, जागा आहे. हसू दे मेल्याला.

५ तारीख
लेक नवऱ्याचं घर सोडून गेल्यापासून जावईबापू पहिल्यांदाच आले. काय गोड बोलले! हात उचलला ते चुकलंच म्हणाले, डोळ्यांत पाणी. तिचा पत्ता विचारला. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. लेकीला शब्द दिलाय, जीव गेला तरी तोंडातून काढणार नाही. मग त्यांनी विषयच सोडला, इतका समजूतदार माणूस! उलट मला नवाकोरा फोन दिला. हा बाहेरून कुणाला फोडता येत नाही म्हणाले. फक्त ऑफ करायचा नाही आणि बाहेर पडताना पिशवीत ठेवायचा. गालाला लावून बघितला. ओल्या फरशीसारखा गार! याला डब्याची गरज नाही. थोरल्याला मात्र सांगणार नाही. जावयाचं नाव काढलं की तो ताटावरून उठतो.

८ तारीख
काल शिंपीणबाईकडं बसले होते, म्हटलं गुडघा फार धरलाय. आज जावईबापूंनी गुडघ्याचं मलम पाठवलं! सांगायच्या आत कळतं, याला म्हणतात माया. पोटच्या पोराला नाही कळलं. फोनवर एक बारीक हिरवा दिवा आहे, आपोआप लागतो, आपोआप विझतो. मी त्याला येता-जाता विचारते, काय रे, जेवलास का?
शिंपीणबाई म्हणाली, हा फोन घेऊन माझ्याकडं येत जाऊ नका. जळते, दुसरं काय.

१२ तारीख
लेकीकडं जाऊन आले! बस बदलली, मधेच उतरून गल्लीगल्लीतून वळसा घेतला, मागं कुणी आहे का बघत बघत. असली गुपचूप कामं मलाच जमतात. बेकरीच्या वरची खोली आहे, लेक खाली पाव भरते. अंगावर मांस आलंय, हसतेसुद्धा. आणि नात! आता बसते, खाली दोन दात आलेत. माझी पिशवी उपसली आणि नेमका फोनच तोंडात घातला. हिरवा दिवा लागला तो तिच्या ओठांवर पडला, इतकी गोड दिसली! लेकीनं विचारलं, हा कुठून आणलास? मी म्हटलं, घेतला नवीन. दोघांचा समेट झाला की सांगेन खरं. नातीच्या वाढदिवसापर्यंत जमवतेच.

१३ तारीख, सकाळ
जावईबापूंचा फोन. म्हणाले, दोन दात आले ना तिला? मी चकितच. बापाचं काळीज!

१४ तारीख
सकाळी थोरल्यानं डब्याचं झाकण काढलं, फोन बघितला आणि लगेच बहिणीला लावला. लेक काल संध्याकाळपासून दोघांच्या फोनवर कॉल करत होती. जावईबापू बेकरीत शिरले होते. बेकरीवालीनं शटर ओढलं, लेकीला पोरीसकट मागच्या दारानं बाहेर काढलं. शटर वाकलंय म्हणे लाथांनी.
दोघी सुखरूप आहेत. कुठं, ते थोरल्याला कळवलंय. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, आईला सांगू नकोस म्हणालीय.
त्या माणसाला पत्ता कसा कळला, असं थोरल्यानं मला विचारलं. मी म्हटलं, मी एका शब्दानं बोलले नाही. शप्पथ. खरंच नाही बोलले. तो चौकीवर गेला.
आता जावईबापूंचा फोन वाजतोय. गारच आहे, पण फडक्यानं धरून डब्यात टाकला, झाकण दाबलं, वर खलबत्ता ठेवला. तरी वाजतोय. खलबत्ता काढून मीच बसलेय झाकणावर.