रोसाउराच्या हातच्या मिलानेसा

अलुमिने, मंगळवार

तीर्थस्वरूप ओतिलियाताईस,

धाकट्या एवारिस्तोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे ठीक असतील आणि भावोजींचा खोकला या वाऱ्याने वाढला नसेल, अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त जगण्यात काही अर्थ उरलेला नाही.

रविवारी नेलिदा येतेय, ब्वेनोस आइरेसहून, तिच्या आईला, माझ्या रोसाउराला, माती दिल्यापासून पहिल्यांदाच. फोनवर म्हणाली, "बाबा, हरणाच्या मिलानेसा असतील ना?" मी छाती ठोकून हो म्हणालो. ती चव नसली तर हे घर तिला आपलं वाटायचं नाही आणि पोर पुन्हा फिरकायची नाही, ही माझी धास्ती.

हरीण मारलं ते नेमकं माजावरचं (एप्रिलात सगळीच माजावर, दुसरं मिळणार कुठून?). पातळ काप काढले तेव्हा असा दर्प सुटला की शेजारचा बेलिसारियो कुंपणावरूनच ओरडला, "एवारिस्तो, ते जनावर बायको शोधताना मेलंय! त्याला दुधात बुडव, नाहीतर तू बुड!" दोन दिवस बुडवलं. दर्प मांसातून जो निघाला तो फडताळात, उशीत आणि माझ्या मिशीत येऊन बसला.

मग मिलानेसाच्या रीतीप्रमाणे काप अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायला टाकले. दाराआडच्या पिशवीत वर्षभराचा शिळा पाव साठतो, तोच कुटला होता. त्यात नाताळचा गोड पावही होता (मनुकांसकट), हे मला कढईत कळलं. साखर करपली, मनुका उडाल्या, एक माझ्या भुवईला डसली. बाहेरून कोळसा, आतून कच्चं. दुसऱ्या घाण्यात कवच सुटून तेलातच राहिलं आणि मांस उघडंवाघडं वर आलं. तिसरा घाणा कुत्र्यापुढे ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो उपाशीच झोपायला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोसाउरा अठ्ठावीस वर्षं हे करत आली, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देता. मी तोंड भरून कौतुक करायचो आणि ती मान खाली घालायची. केवढा विनय! कसं करतेस, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. त्याचं आता फार रडू येतं, ताई.

तुझा हताश,
एवारिस्तो

ता. क. पत्राचं खरं कारण हे: दोन डझन मिलानेसा करून शनिवारच्या बसने पाठव. कुणाला कळता कामा नये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच नेलिदा दारात (पाच दिवस आधीच!). धुरात खोकत म्हणाली, "बाबा, हे काय मांडलंयस?"

म्हटलं, "तुझ्या आईसारख्या करतोय."

ती हसायला लागली, मग रडायला. "अरे, आईने उभ्या जन्मात मिलानेसा केली नाही! मांस गुपचूप आत्याकडे जायचं आणि चुऱ्यात घोळवून बसने परत यायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू एवढं कौतुक केलंस, की तिचा सांगायचा धीरच झाला नाही. खोक्यावर आत्या 'लोकर' लिहायची."

ताई, अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला घरात लोकर येत होती आणि मला एक स्वेटर मिळाला नाही. हे मला एकदाही खटकू नये?

खोकं पाठवू नकोस. तूच ये. मला रोसाउरावर खूप रागवायचंय आणि ते एकट्याने जमत नाहीये.